गुरुवारी तीनपर्यंत

गुरुवारी तीनपर्यंत काय ते ठरवायचं.
तीनला खेळाडूंची देवघेव बंद,
मग आहे त्याच्याशीच संसार.

टोलेडोत रात्रभर बर्फ पडलंय.
स्टेडियमच्या पोटातल्या बिनखिडकीच्या खोलीत
आम्ही सहाजण, गार झालेला पिझ्झा,
आणि फळ्यावर मधोमध एक रेघ.

डावीकडे एकच नाव: थॅडियस ब्रूम.
सामन्याला अठ्ठावीस गुण. वय एकतीस.
डाव्या गुडघ्यातलं पाणी दोनदा काढलेलं.
(दुसऱ्यांदाचं त्यांनी सांगितलं नव्हतं.
त्यांच्या फिजिओची मेहुणी आमच्याकडे तिकिटं विकते.)

उजवीकडे जेरिको टिलमन,
पुढच्या वर्षांच्या तीन निवडी,
म्हणजे अजून शाळेत जाणारी, मिसरूड न फुटलेली तीन पोरं,
ज्यांची नावं आम्हालाही ठाऊक नाहीत;
आणि पगाराचा आकडा जुळावा म्हणून शेवटी
बाकावरचा छत्तिशीचा म्हातारा ओसगुड.
त्याच्या मुलीची शाळा या वर्षी संपतेय. ते फळ्यावर नाही.

मालकांचा जावई म्हणतो,
हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?
पाच मिनिटांनी तोच म्हणतो,
असा माणूस पुन्हा बाजारात यायचा नाही.
आकडेवाली इंग्रिड मान वर न करता सांगते:
चषकाची शक्यता चार टक्क्यांवरून अकरा.

अकरा.
सगळे तो आकडा गोळीसारखा जिभेवर घोळवतात.
एक्केचाळीस वर्षं या गावानं मिरवणूक पाहिलेली नाही.
काचेच्या भट्ट्या विझल्या, पोरं शिकागोला गेली.
अकरा म्हणजे इथं पुष्कळ.

"लेनी, तू बोल," रॉस्को म्हणतो,
"पोरगा तू आणलास."

आणला खरा.
मिसिसिपीत, चर्चमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये
छप्पर गळत होतं, आणि बरोबर मधल्या वर्तुळात
कुणीतरी निळी बादली ठेवलेली.
दोन्ही संघ तिला वळसा घालून खेळत होते,
पंचांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.
सोळा वर्षांचा जेरिको चेंडू घेऊन सुसाट आला,
बादलीशी थबकला,
खांदा उजवीकडे, अंग डावीकडे,
आणि त्याला अडवणारा धटिंगण पाय घालून बसला बादलीत!
हसता हसता मी वही काढली होती.

आता त्याच्या पायांखाली कोरडं, चकचकीत लाकूड,
वर छप्पर कसं शाबूत,
तरी मधल्या वर्तुळाशी तो अजून थबकतो.
समोरच्याला कळत नाही का.
मला कळतं.

याचे किती टक्के, इंग्रिड?

पण ब्रूमलाही मी पाहिलंय.
दोघे अंगावर, घड्याळात चार सेकंद, अख्खं स्टेडियम उभं,
आणि तो चेंडू सोडतो
झोपायला जाताना कुणी दिवा मालवावा तसा.
सोन्याचा असला तरी गुडघा तो गुडघाच, हे मान्य.
पण मी अडुसष्ट वर्षांचा आहे,
मलाही एकदा फुटपाथवर उभं राहून
कागदाचे कपटे अंगावर घ्यायचेत.
म्हणून माझ्या मताला फार किंमत देऊ नका,
एवढं म्हणून मी म्हणालो, "घ्या."

रॉस्को फोनकडे वळला. मी बाहेर आलो.

सरावाच्या हॉलमध्ये जेरिको एकटाच.
काही विचारलं नाही त्यानं.
मी कोट काढून बास्केटखाली उभा राहिलो,
पडलेला चेंडू उचलायचा, परत द्यायचा.
भिंतीवर पावणेतीन.
सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. एक हुकला.
पुढचा हातात होता
तेव्हा माझा खिसा थरथरला.

"घे की फोन," तो म्हणाला.

आधी तू हा घे, म्हणत
मी चेंडू त्याच्याकडे टाकला.